आधी अंक, मग चळवळ

रविवारच्या पुरवणीतील पंक संगीताच्या इतिहासावरील लेखात, क्वीअर (समलिंगी व इतर लैंगिक अल्पसंख्य) पंकांनी, म्हणजे पंक संगीताच्या वर्तुळातील तरुणांनी, झेरॉक्स काढून वाटलेल्या अनियतकालिकांना ‘चाहत्यांची पत्रके’ म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे, ते मला मुळीच पटले नाही. टोरांटोत १९८५ मध्ये जी. बी. जोन्स आणि ब्रूस लाब्रूस यांनी ‘जे.डी.ज’ हे असेच अनियतकालिक सुरू केले, तेव्हा तेथे क्वीअर पंकांचा म्हणावा असा समुदायच नव्हता. मात्र तो ऐन भरात असल्याच्या थाटात त्यांनी अंक काढले आणि ते वाचून दूरदूरच्या शहरांतील एकेकट्या तरुणांनी आपले अंक व बँड उभे केले. ‘होमोकोर’ (समलिंगी पंक) हा शब्दही याच पानांतला, जो १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका अंकाचे नावच झाला. पंकांच्या मैफलींत समलिंगीद्वेष आणि समलिंगी वर्तुळात पंकांविषयी नापसंती, अशा दुहेरी कोंडीत कोणाच्या परवानगीविना निघणारा हा कागदच क्वीअर पंकांची हक्काची जागा होती. ‘जे.डी.ज’चे अंक निघाले अवघे आठ. लेखमालेच्या पुढील भागात त्यांची स्वतंत्र दखल घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे