उजवी बाजू

डोंबिवली,
१२ ऑक्टोबर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू माझं मॉडेलचं जहाज दाखवायला सांगितलंस तेव्हा मी मोबाईल नुसता डाव्या बाजूने फिरवला. तू म्हणालीस, "बाबा, भारी झालंय!" मागून जावईबापूंनी अंगठा दाखवला. आई शेजारी भेंडी चिरत बसली होती. तेव्हा ती काही बोलली नाही, पण कॉल संपल्यावर म्हणाली, "पोरीला दुसरी बाजू पण दाखवायची होतीत." दुसऱ्या बाजूला दाखवण्यासारखं काही नव्हतंच. तीन दिवस आधीच मी उजवीकडच्या सगळ्या पट्ट्या उचकटल्या होत्या. उरल्या होत्या फासळ्या, आणि त्यांतून आत डोकावलं तर डाव्या फळ्यांची पाठ आणि फेव्हिकॉलचे वाळलेले ओघळ.

आणि ज्या डाव्या बाजूचं तू कौतुक केलंस ती आज दुपारी उतरवली. म्हणजे येत्या रविवारी मोबाईल कुठूनही फिरवला तरी सांगाडाच दिसणार. फोनवर हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहायला बसलो. कागदाचे फोटो काढून व्हॉट्सॅपवर टाकीन, पोस्टाच्या भरवशावर राहिलो तर तू दिवाळीनंतर वाचशील.

झालं काय ते पहिल्यापासून सांगतो. तू मागच्या वर्षी लाकडी मॉडेलचं खोकं आणलंस तेव्हा मी नकाशे बघूनच हरखलो होतो. कॉन्स्टिट्यूशन नावाचं जुनं अमेरिकन लढाऊ जहाज, १:७६ प्रमाणात, शिडाच्या दांड्यासकट चार फूट लांब. पहिल्याच खेपेला कुणी एवढं मोठं जहाज घेऊ नये. लहानशी एक डोलकाठीची होडी घ्यावी, हात बसवावा, मग पुढे जावं. पण गोदीत ३४ वर्षं शिपराईट, म्हणजे जहाजाचा सुतार, म्हणून काढलेल्या माणसाला हे कोण सांगणार? खोक्यातल्या पुस्तिकेने सांगितलं होतं. मी ती पानं चाळून बाजूला ठेवली.

आतला कणा प्लायवूडचा असतो, लांब असल्यामुळे तुकड्यांत येतो. आपल्याकडचे होड्या बांधणारे ज्याला पठाण म्हणतात तो जहाजाच्या तळाशी असतो, हा त्याच्यावरचा, सगळ्या पोटातून जाणारा. त्याच्या खाचांत आडव्या फासळ्या बसवायच्या आणि फासळ्यांवर लाकडाच्या पातळ पट्ट्या. कणा चिकटवून मी तो गॅलरीत भिंतीला टेकवून उभा केला. जूनमध्ये. डोंबिवलीचा जून! मिठाच्या बरणीला पाणी सुटतं त्या हवेत प्लायवूड सरळ राहील असं मला का वाटलं, देव जाणे. वाकला असेल तर थोडाच, पण डोळ्यांनी कळला नाही, आणि मी त्यावर फासळ्या चिकटवून मोकळा झालो.

त्यावर कडी म्हणजे गणपतीत तू कॉल करशील तेव्हा दाखवायला एक बाजू तरी पुरी हवी, म्हणून तळापासून वरपर्यंत सगळी डावी बाजू आधी मारून घेतली. हे करायचं नसतं. पट्टी वाकवून बसवली की ती सरळ व्हायला बघते आणि फेव्हिकॉल वाळताना आणखी ओढतो. म्हणून एक पट्टी डावीकडे मारली की तिच्या जोडीची उजवीकडे मारायची. म्हणजे ओढाताण दोन्हीकडून सारखी. मी वीसेक पट्ट्या एकाच बाजूने ओढल्या. जहाजाचं केळं झालं.

उजवीकडे फळ्या मारायला घेतल्या तेव्हा नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एकही पट्टी बसेना. तासून तासून बसवली तर मागे फट. मी पट्ट्यांना शिव्या दिल्या, अमेरिकन लाकडाला दिल्या, पाती बोथट झाली म्हणून पात्यांना दिल्या. मग एका संध्याकाळी उशिरा, दिवे गेले होते, मेणबत्तीच्या उजेडात नाळेकडून एक डोळा मिटून बघितलं आणि पोटात धस्स झालं. दुसऱ्या दिवशी दोरी धरली. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत आईच्या शिवणाचा दोरा ताणला. मधोमध कणा दोऱ्यापासून ६ मिलिमीटर बाहेर. खऱ्या जहाजावर हेच दीड फूट होतं.

माझं काम काय होतं तुला माहीत आहे. जहाज ड्राय डॉकमध्ये यायच्या आधी तळाचे ठोकळे मांडायचे, एका ओळीत, एका उंचीत. दोरी ताणून, वाकून, डोळा लावून. पाणी उपसल्यावर हजारो टनांचं जहाज त्याच ओळीवर बसतं. एखादा ठोकळा अर्ध्या इंचाने सरकला तरी आमचा फोरमन सगळी ओळ पुन्हा लावायला लावायचा. आणि घरी चार फुटांच्या खेळण्याला दोरी लावायची मला चार महिन्यांत आठवण झाली नाही. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल परत मागायला येतील की काय, असं वाटलं.

उचकटायची युक्ती मात्र हाती लागली. कोरोनाच्या वेळी आणलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कॅन पोटमाळ्यावर पडून होता. कापूस भिजवून पट्टीवर अर्धा तास ठेवला की फेव्हिकॉल दह्यासारखा मऊ पडतो, मग आईचं लोणी लावायचं सुरीपातं घालून हळूच उचलायचं. निम्म्याहून जास्त पट्ट्या धड निघाल्या. घरभर दवाखान्याचा वास. आई म्हणाली, "आधी चिकटवायचं, मग पेशंटसारखं सोलायचं, यापेक्षा सुडोकू सोडवा."

आता कणा सरकत्या खिडकीच्या दोन जुन्या ॲल्युमिनियम पट्ट्यांमध्ये शिकंज्याने आवळून ठेवलाय. फासळ्यांच्या मधल्या खणांत देवदारी खोक्याचे तुकडे ठोकून बसवणार, म्हणजे पुढचा पावसाळा काय करायचं ते करो.

हे सगळं चालू असताना रात्री झोप येईना म्हणून या जहाजाबद्दल वाचत होतो, आणि एक गंमत सापडली. तू मला शत्रुपक्षाचं जहाज बांधायला दिलंयस! २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ या कॉन्स्टिट्यूशनने जावा नावाचं इंग्रज जहाज फोडलं. जावा निघालं होतं हिंदुस्थानाकडे. त्यात मुंबईच्या गोदीत बांधायच्या जहाजांसाठी तांबं होतं, ट्रिंकोमाली नावाच्या जहाजाचे नकाशे होते, आणि मुंबईला नेमणूक झालेला थॉमस हिस्लॉप नावाचा सेनापती होता. जहाजाची इतकी चाळण झाली की ओढून न्यायच्या लायकीचं राहिलं नाही, शेवटी अमेरिकनांनी ते जाळलं. हिस्लॉपला सोडून दिलं. तोच हिस्लॉप पाच वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभा होता. अमेरिकनांनी त्याला आणखी थोडा अडकवून ठेवला असता तर, असं मनात आलं खरं. पण त्याच्या जागी दुसरा कुणी आला असता.

नकाशे पुन्हा मागवावे लागले आणि ट्रिंकोमाली रखडली. १८१६ मध्ये तिचा कणा बसला. जमशेटजी बमनजी वाडिया हे मुख्य बांधणारे. ज्यांनी १७५० मध्ये मुंबईत पहिला ड्राय डॉक बांधला त्या लवजी वाडियांच्या घराण्यातले. पारशी रिवाजाप्रमाणे त्यांनी कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. (हे आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "माझ्या जोडव्यांकडे बघू नका.") सगळं जहाज मलबारी सागवानाचं. इंग्लंडात लढायांपायी ओकची लाकडं संपत आली होती, म्हणून काम आपल्याकडे आलं. सागात तेल असतं, त्यात ठोकलेलं लोखंड गंजत नाही, ओकमध्ये गंजतं. आमच्या गोदीतले जुने सुतार हे सांगायचे, त्यांना ट्रिंकोमालीचं नावही माहीत नव्हतं. ती पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ ला. आजचीच तारीख. त्यानंतर २४ दिवसांनी खडकीची लढाई झाली. आणि ती अजून तरंगतेय, इंग्लंडात हार्टलपूलला. तुझ्या बॉस्टनचं जहाज २१ ऑक्टोबर १७९७ चं. दोघींचे वाढदिवस नऊ दिवसांच्या अंतराने येतात.

म्हणजे ज्याच्या गोळ्यांनी आमच्या गोदीचे नकाशे बुडवले ते जहाज मी गोदीतून निवृत्त होऊन गॅलरीत बांधतोय. सोडणार नाही, बांधणारच. पण थोडा हिशेब चुकता करायचा विचार आहे, आणि त्यासाठी तुझी मदत हवी.

त्या लढाईत कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचं चाकच गोळा लागून उडालं होतं. खाली माणसं उभी करून, तोंडी हुकूम पोचवत, दांड्याने सुकाणू फिरवून लढाई संपवली. आणि मग कप्तान बेनब्रिजने जावाचं चाक काढून आपल्या जहाजावर बसवलं. तर माझ्याही जहाजाचं चाक गेलं. खोक्यात धातूचं ओतीव चाक होतं, रुपयाच्या नाण्याएवढं. परवा ते टेबलावरून पडलं, मी खाली वाकेपर्यंत केर काढून झाला होता. कचऱ्याची पिशवी ओतून बघितली. कांद्याच्या सालींत नाही सापडलं.

तेव्हा ठरवलं की चाक आपलंच लावायचं. माझी कामावरची मोगरी आठवते? तू लहानपणी तिने बदाम फोडायचीस. तिचं डोकं तडकलंय, त्यातून सागाची एक चिपळी काढली. पातळ तासली, कानसने गोल केली. आतला आस बॉलपेनच्या रिफिलच्या पितळी टोकाचा. आऱ्यांसाठी बांबूचे टूथपिक चिरून काड्या केल्यात. एक काडी तर सुईच्या नेढ्यातून जाईल इतकी बारीक निघाली, आणि तेवढ्यात शिंक आली. ती काडी पण केरातच गेली असणार.

पण आरे किती ते मला माहीत नाही. नकाशात चाक कडेने दाखवलंय, म्हणजे नुसती एक उभी रेघ. चार्ल्सटाऊन तुझ्या घरापासून फार लांब नाही, खरं जहाज तिथेच उभं आहे, नौदलाचीच माणसं ते लोकांना दाखवतात. एखाद्या शनिवारी जा. जावईबापूंना ने, त्यांना जहाजावर तोफा बघायला मिळतील. चाकाचे आरे मोज. एक चाक आहे की एकामागे एक दोन, तेही बघ. एकामागे एक असतील तर मला दोन करावी लागतील आणि चिपळी एकच आहे. नाळेपाशी फळ्यांची टोकं कशी संपतात तेही जमलं तर टिपून घे, माझं तिथेच अडलंय.

फोटो समोरून काढ, आणि दोन्ही बाजूंनी काढ.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारतेय की गोडा मसाला पोचला का. आणि तिने सांगितलंय की येत्या रविवारी मोबाईल ती धरणार आहे.