'काही आढळले नाही' म्हणजे नेमके काय?

महोदय,

हातात मावणाऱ्या रामन यंत्राने कोणतेही ड्रग काही सेकंदांत ओळखता येते, ही आपल्या अंकातली बातमी वाचली. यंत्र चांगलेच आहे, पण त्या 'कोणतेही' शब्दाला मी अडखळलो. वर्णपट वाचण्यात आणि शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून हे पत्र.

लेसरचा प्रकाश पदार्थावर पडला की त्यातला फारच थोडा, लाखो-कोटींतला एखादा फोटॉन, आपली ऊर्जा बदलून बाहेर पडतो. या बदलांचा आलेख, म्हणजे वर्णपट, हा त्या रेणूच्या बोटाचा ठसा. यंत्र तो ठसा आपल्या साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहते. पण ज्याची नोंदच नाही, त्याचा ठसा कितीही स्वच्छ उमटला तरी नाव कसे कळणार? आणि नवी कृत्रिम ड्रग्ज बनवणाऱ्यांचा धंदा नेमका या 'नोंद नसण्यावर' चालतो. मे २०१९ मध्ये चीनने फेंटॅनिल या अतितीव्र कृत्रिम वेदनाशामकाच्या साऱ्या गोतावळ्यावर एकदम निर्बंध घातले. त्याच वर्षी निटाझीन या दुसऱ्या वेदनाशामक गटातल्या आयसोटोनिटाझीनचे नाव प्रयोगशाळांच्या अहवालांत दिसू लागले. गंमत म्हणजे हे रेणू ताजे नव्हेत. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत वेदनाशामकाच्या शोधात या निटाझीन गटावर काम झाले होते. त्यातून औषध काही बाजारात आले नाही, पण कृती छापून राहिली आणि साठ-सत्तर वर्षांनी भलत्यांच्याच कामी आली. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाकडे नोंदल्या गेलेल्या नव्या पदार्थांची संख्या आता १,२०० च्या वर आहे.

शिवाय प्रश्न मात्रेचा. पदार्थ कोणता अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश शोषतो यावरून असाच ठसा घेणाऱ्या अवरक्त वर्णपटाच्या यंत्राला मिश्रणातला ५ टक्क्यांखालचा घटक सहसा दिसत नाही. सवय नसलेल्या माणसाचा जीव घ्यायला फेंटॅनिल २ मिलिग्रॅमही पुरते. बहुतांश कॅफिन असलेल्या १०० मिलिग्रॅमच्या पुडीत ते मिसळले तर प्रमाण भरते २ टक्के. यंत्र बिनदिक्कत सांगेल, 'कॅफिन'. ते खोटे बोलत नाही, पुडीत कॅफिन असतेच! म्हणून जाणकार तपासनीस सोबत प्रतिपिंडांवर चालणारी चाचणीपट्टी वापरतात. तीतही मेख आहे, फेंटॅनिलच्या पट्टीला निटाझीन कळत नाही.

मग रेणू फोडून त्याचे व तुकड्यांचे वस्तुमान मोजणारे प्रयोगशाळेतले वस्तुमान वर्णपटमापक तरी निर्विवाद म्हणावे का? मेफेड्रोन या उत्तेजक ड्रगचे उदाहरण घ्या. त्याच्या बेंझिन वलयावर (सहा कार्बनच्या कड्यावर) मेथिल गट, म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजनचा छोटा तुकडा, चौथ्या जागी असतो. तो तिसऱ्या जागी असला की तो पदार्थ ३-एमएमसी. दोघांचे रेणुसूत्र एक, वस्तुमान एक, फोडल्यावर होणारे तुकडेही जवळजवळ तेच. जुळ्या भावंडांना तराजूत घालून कोण कोणता हे ठरवण्यासारखा प्रकार. इथे बाजू सावरतो तो साधा, जुना अवरक्त वर्णपट. वलयावरचे हायड्रोजन कसे डोलतात हे मेथिल गटाच्या जागेवर अवलंबून असते, आणि वर्णपटाच्या ७०० ते ९०० तरंगसंख्येच्या (प्रति सेंटिमीटर लाटांच्या) पट्ट्यात हा फरक स्पष्ट उमटतो. हा केवळ परीक्षेतला प्रश्न नव्हे. नेदरलँड्समध्ये मेफेड्रोन बेकायदा ठरल्यानंतरही ३-एमएमसी २०२१ पर्यंत कायद्याच्या कक्षेबाहेर होते. एका मेथिल गटाच्या जागेवर गुन्हा आहे की नाही हे ठरत होते.

साठ्यात अजिबात नसलेल्या रेणूची रचना मुळापासून उलगडायची तर मुख्य भिस्त एनएमआरवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचा प्रतिसाद टिपणाऱ्या यंत्रावर. पण ते यंत्र खिशात मावत नाही. त्याच्या शक्तिशाली चुंबकाला सहसा द्रवरूप हेलियम लागतो, आणि आलेख वाचायला अनुभवी माणूस.

तेव्हा यंत्रे जरूर घ्यावीत, पण खरेदीच्या करारातच साठा किती दिवसांनी अद्ययावत होणार आणि नव्या पदार्थांचे वर्णपट इतर प्रयोगशाळांना लगेच कोण देणार, हे लिहून घ्यावे. जुन्या साठ्याचे यंत्र 'जुळणी नाही' म्हणते, ते ऐकणाऱ्याला 'धोका नाही' असे ऐकू येते. आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. अशी बातमी देताना तपासणी जागेवरची प्राथमिक होती की प्रयोगशाळेत पक्की झालेली, आणि कोणत्या पद्धतीने, एवढे एक वाक्य त्यात असू द्यावे.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक