‘पुन्हा कंपाइल केले की झाले’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ किंवा सी-डॅकचा ‘वेगा’ अशा रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचना-आराखड्यावरच्या देशी प्रोसेसरची बातमी आली की ‘जुने सॉफ्टवेअर पुन्हा कंपाइल केले की झाले’ असे कोणीतरी म्हणतेच. (कंपाइल करणे म्हणजे प्रोग्रामचे त्या प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणे.) पायथन भाषेतले प्रोग्राम चालवणाऱ्या इंटरप्रिटरपुरते बोलायचे तर हे अर्धसत्य आहे, आणि पोर्टिंगचे, म्हणजे सॉफ्टवेअर नव्या प्रोसेसरवर नेण्याचे, वेळापत्रक कोलमडते ते उरलेल्या अर्ध्यापायी.

कंपाइल होते, यात वाद नाही. इंटेलच्या मशिनवर क्रॉस कंपायलर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा कंपायलर, बसवायचा आणि ‘कॉन्फिगर’ या तयारीच्या स्क्रिप्टला ‘बिल्ड’ (जिथे बनवायचे ते मशिन) व ‘होस्ट’ (जिथे चालवायचे ते मशिन) स्पष्ट सांगायचे. पायथन ३.११ पासून त्याच आवृत्तीचा चालता पायथनही सोबत द्यावा लागतो. एखाद्या जुन्या लायब्ररीतली ‘कॉन्फिग.सब’ ही प्रोसेसरांची नावे ओळखणारी फाइल हा प्रोसेसर ओळखत नाही; ती बदलली की गाडी पुढे सरकते. पडद्यावर पहिली ओळ उमटते आणि पेढे वाटले जातात.

दुखणी त्यानंतरची. सी भाषेतला ‘कॅर’ हा एका बाइटचा प्रकार इंटेलच्या लिनक्सवर −१२८ ते १२७ असतो, तर रिस्क-फाइव्ह आणि आर्मच्या लिनक्सवर ० ते २५५. कोणी एकेक अक्षर वाचणाऱ्या ‘गेटकॅर’चे उत्तर कॅरमध्ये साठवून फाइल संपल्याच्या खुणेशी, म्हणजे −१ शी, ताडून पाहिले असेल, तर इथे −१ चे २५५ होतात आणि लूप कधीच थांबत नाही. उपाय साधा आहे: तिथे ‘इंट’ हा मोठा पूर्णांक प्रकार वापरावा. पण अशी ओळ एखाद्या सी एक्स्टेन्शनमध्ये (पायथनला जोडलेल्या सी भाषेतल्या पुरवणीत) दडलेली असते आणि एक्स्टेन्शन ढिगाने असतात.

पूर्णांकाला शून्याने भागले की इंटेलवर प्रोग्रामला चूक कळवणारा सिग्नल मिळतो. रिस्क-फाइव्ह गुपचूप −१ देऊन पुढे जातो. पायथन स्वतः आधी शून्य तपासतो, म्हणून तो वाचतो. सिग्नलच्या भरवशावर लिहिलेला कोड चुकीचे उत्तर देत राहतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. क्रॅश परवडला, असे म्हणायची वेळ येते.

दशांश आकडेमोडीत गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत झाली की राउंडिंग दोनदाऐवजी एकदाच होते. जीसीसी हा कंपायलर ही सूचना रिस्क-फाइव्हवर आपणहून वापरतो. इंटेलच्या मूळ ६४-बिट संचात ती नाहीच. शेवटचा अंक हलतो, चाचणी नापास होते आणि बोल चिपला लागतो. कंपायलरचा ‘एफपी-कॉन्ट्रॅक्ट’ हा अशी जोडणी करणारा पर्याय बंद करून, पुन्हा कंपाइल करून चालवावे, मग चिपवर शंका घ्यावी.

जिट, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच मशिन कोड बनवण्याची सोय, असलेल्या इंटरप्रिटरची गत आणखी बिकट. धावता धावता तयार केलेला मशिन कोड मेमरीत लिहिला, तरी प्रोसेसरच्या सूचना-कॅशमध्ये, म्हणजे सूचनांच्या जवळच्या साठ्यात, जुनाच असू शकतो. ‘फेन्स.आय’ ही रिस्क-फाइव्हची सूचना फक्त त्याच कोअरची (प्रोसेसरमधल्या एका गणनाकेंद्राची) कॅश ताजी करते; थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा धागा) दुसऱ्या कोअरवर गेला की शिळा कोड चालू शकतो. म्हणून कर्नलमार्फतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडूनच, सर्व कोअरच्या कॅश ताज्या करून घ्याव्या लागतात. शिवाय एका कोअरने केलेली लिखाणे दुसऱ्याला त्याच क्रमाने दिसतील ही इंटेलची हमी इथे नाही. सामायिक माहितीला लॉक (एका वेळी एकालाच मुभा) न लावता लिहिलेला कोड त्यामुळे महिन्यातून एकदाच फसतो.

यातले बरेचसे इंटेलवरच्या क्यूईएमयू एम्युलेटरमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, दिसतच नाही. तिथे कॅशचा घोळ होत नाही, लिखाणांचा क्रम यजमान प्रोसेसर सांभाळतो आणि अलाइनमेंट चुकलेले, म्हणजे मेमरीतल्या आडनिड्या पत्त्यावरून केलेले, वाचनही खपून जाते. खऱ्या बोर्डवर असे वाचन फर्मवेअरच्या (बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) हाती गेले तर तेवढीच सूचना कैक पटींनी मंदावते. तेव्हा ‘एम्युलेटरवर सर्व चाचण्या उत्तीर्ण’ या दाव्यावर निविदा मंजूर होऊ नयेत. अलाइनमेंटच्या चुका इंटेलवरच सॅनिटायझर (चालताना चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून आधी वेचाव्यात आणि मग संपूर्ण चाचणीसंच प्रत्यक्ष बोर्डवर चालवावा. बोर्ड एकच परवडत असेल तर तो एकाहून अधिक कोअरचा घ्यावा. एका कोअरवर शिळा कोड आणि लिखाणांचा उलटासुलटा क्रम, दोन्ही दोष लपून राहतात.

– एक संगणक अभियंता, पुणे