हात कुठं आहे, असं तू विचारलंस

लातूर,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय सुधाकर,

आठ दिवस झाले, संगणकावर केलेली माझी अमूर्त चित्रं बघून तू विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नाही. "चित्रं बरी आहेत रे, पण त्यात हात कुठं आहे?" तू ज्या प्रेमानं विचारलंस ते मला कळलं, म्हणूनच घाईत काहीतरी उत्तर द्यावंसं वाटलं नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. आज दुकान बंद आहे, तर निवांत लिहितो.

माझा दिवस तुला ठाऊक आहे. वाढदिवसाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, भावपूर्ण श्रद्धांजली. चेहरा कापायचा, मागं किरणं लावायची, नावं मानापानाप्रमाणे लहानमोठी करायची, फ्लेक्स निघाला की कडेला आयलेट मारायचे. या कामाला मी कधी हलकं मानलं नाही. पोट त्यावर आहे आणि माझा हातही त्यातच बसला. पण तिथं पडद्यावरची प्रत्येक गोष्ट कुणाची तरी असते. रात्री जेवणं झाली की घरच्या जुन्या लॅपटॉपवर मी गिम्प हे चित्रं करायचं सॉफ्टवेअर उघडतो. ते फुकट मिळतं आणि मला लागतं ते सगळं त्यात आहे. कोरा चौकोन समोर येतो, त्यात कुणाचाच चेहरा नसतो, कुणाचंच नाव नसतं. त्या चौकोनाची मला आता सवय लागली आहे.

पहिलं वर्ष मात्र वाया गेलं. ढगांसारखा नॉइज, म्हणजे आपोआप तयार होणारा विस्कळीत पोत, उमटवणारा फिल्टर घ्यायचा, तो पिळायचा, वर झगमगीत रंग चढवायचा. दहा मिनिटांत चित्र तयार. असा नॉइज केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात शोधून काढला, कारण संगणकावरची चित्रं फार गुळगुळीत, यंत्रानं घासल्यासारखी दिसत होती. त्यांचा शोध मोठाच आहे. पण तो ढग माझा नव्हता. जगात कुणीही तेच बटण दाबलं तर जवळजवळ तसाच ढग येतो. तू विचारतोस तो हात त्या चित्रांत खरंच नव्हता, हे मी कबूल करतो.

मग एका रात्री जुन्या हार्ड डिस्कमध्ये धनेगावचा फोटो सापडला. आठवतं? एप्रिल २०१६. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, आणि आपण दोघं मोटारसायकलवर मांजरा धरण बघायला गेलो होतो. धरणाच्या पोटात उतरून चाललो. चिखल वाळून त्याच्या ढेपा झालेल्या, भेगा एवढ्या की तुझी चप्पल अडकली. तू काहीच बोलत नव्हतास. मी खाली वाकून फोनवर एक फोटो काढला, ४१६० बाय ३१२० पिक्सेलचा, आणि पुढं कधी उघडलाच नाही.

त्या फोटोतला रंग आधी काढून टाकला. मग लेव्हल्स, म्हणजे उजेड-अंधाराच्या पट्ट्या, ओढून ढेपा पांढऱ्या आणि भेगा काळ्याभोर केल्या. आता माती राहिली नाही, नुसतं जाळं राहिलं. त्याच थराची एक प्रत काढून वर ठेवली आणि मिश्रणाची पद्धत डिफरन्स केली. या पद्धतीत संगणक एका थराच्या आकड्यांतून दुसऱ्याचे आकडे वजा करतो. दोन्ही थर सारखेच, म्हणून उत्तर शून्य, सगळा पडदा काळा. आता वरचा थर फक्त चार पिक्सेल उजवीकडं सरकवला. सुधाकर, त्या अंधारात प्रत्येक भेगेची कड तेवढी उजळली! ढेपा गेल्या, भेगाही गेल्या, दोघींची शीव उरली. रात्रीचे दीड वाजले होते. मी लॅपटॉप बंद केला आणि तसाच बसून राहिलो.

मल्टिप्लाय ही मिश्रणाची दुसरी पद्धत उलट स्वभावाची आहे. पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०, आणि दोन थरांचा गुणाकार. अर्धा गुणिले अर्धा, पाव. म्हणून थर वाढेल तसं चित्र गडद होतं, फक्त जिथं पांढरं आहे तिथं खालचं जसंच्या तसं दिसतं. आई जुन्या लुगड्यांची वाकळ शिवते, तेव्हा विरलेल्या जागी खालचा काठ दिसतो, तसं. तुझ्या तैलरंगात खालचा थर एकदा झाकला की गेला. माझ्याकडं तो कधीही उचलून बघता येतो. (ही सोय फोटोशॉपच्या १९९० च्या पहिल्या आवृत्तीत नव्हती, थर १९९४ साली आले. त्याआधी लोकांनी कसं काम केलं असेल, याचं मला फार नवल वाटतं.)

पुढचं काम सगळ्यात किचकट होतं. चौकोन गोल फिरवायला पोलर कोऑर्डिनेट्स नावाचा फिल्टर आहे. चित्राची वरची कड मध्यबिंदूत गोळा होते, खालची कड परीघ होते, आणि डावी-उजवी बाजू एकमेकींना येऊन भिडतात. त्या जुळत नसतील तर मध्यापासून वरपर्यंत करवतीनं कापल्यासारखी रेघ दिसते. म्हणून आधीच चित्र निम्म्या रुंदीनं सरकवून ती जोड मधोमध आणायची, क्लोननं, म्हणजे चित्रातला एक तुकडा दुसरीकडं उमटवणाऱ्या ब्रशनं, एकेक भेग दुसरीला सांधायची, मग फिरवायचं. नुसतं सांधायला मला चार रात्री लागल्या. त्यानंतर मास्क. काळ्या रंगानं रंगवलं की थर झाकतो, पांढऱ्यानं रंगवलं की उघडतो. अकरा रात्री मी माऊसनं फक्त झाकत होतो. फिल्टरनं हजार भेगा दिल्या होत्या, ठेवल्या साठ-सत्तर.

तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. माझा हात त्या झाकण्यात आहे. यंत्र सगळं देतं, न मागता देतं. त्यातलं काय नको, ते त्याला कळत नाही.

चित्रकार वासुदेव गायतोंड्यांबद्दल तूच मला पहिल्यांदा सांगितलं होतंस. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा, आणि वर्षाला मोजकीच चित्रं. आपल्या कामाला ते अमूर्त म्हणत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठलीच वस्तू न दाखवणारं, म्हणत, हेही तूच सांगितलंस. रोलर हेही एक यंत्रच की. त्यांच्याशी माझी तुलना मी करत नाही, पण काढून टाकण्यातला धीर मी तिथूनच शिकतोय.

रंग फक्त दोन ठेवले, करड्याकडं झुकणारा काळा आणि हळकुंडासारखा पिवळा. आधी गडद निळा होता. पण पडद्यावरचा तो निळा छपाईच्या चार शायांत बसत नाही, कागदावर मळका जांभळा होऊन उतरतो. रोजच्या धंद्यात बघतोच. शिवाय ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्याच मिळतात. त्यामुळं मंद उजेडाच्या जागी पट्टे पडत होते. फाईल १६ बिट केली आणि वर किंचित दाणा टाकला, तेव्हा उजेड सलग झाला.

आता खरी अडचण सांगतो. ३००० बाय ३००० ची फाईल १० इंची कागदावर छापून घरी आणली. आईला काहीच सांगितलं नव्हतं. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "तळ्यातलं पाणी आटल्यावानी दिसतंय रं." मला आनंद झाला आणि धक्काही बसला. इतकं काढून टाकूनही ते राहिलंच. मग हे अमूर्त झालं की नाही?

म्हणून दुसरी प्रत केली. त्यात आणखी भेगा झाकल्या, कडा विरघळवल्या. आता कुणालाही धनेगाव दिसणार नाही. चित्र जास्त नेटकं झालंय, जास्त शांत. पण त्याच्याकडं बघताना माझ्या पोटात जे हलायचं ते हलत नाही. हे माझ्या आठवणीमुळं आहे की चित्रामुळं, ते मला एकट्याला ठरवता येत नाही. तू त्या चिखलात माझ्याबरोबर होतास आणि चित्रही जाणतोस, म्हणून तुलाच विचारतो.

दोन्ही प्रती उद्या एसटीच्या पार्सलनं पाठवतोय. मागं पेन्सिलीनं १ आणि २ लिहिलंय, कुठली आधीची ते लिहिलेलं नाही. भिंतीला लावून चार दिवस राहू दे, येता-जाता बघ. कुठल्या चित्राला हात लावायचा नाही आणि कुठलं पुन्हा उघडायचं, ते मला सांग. तुला दोन्ही पटली नाहीत तर तेही सांग.

येळवशीला, वेळ अमावस्येच्या सणाला, येणार आहेस ना? आई आत्ताच भज्जीच्या आणि आंबिलीच्या गोष्टी करायला लागली आहे. रानात जेवण झाल्यावर आपण दुपारून धनेगावला जाऊ. औंदा पाणी आहे.

तुझा,
भास्कर