गिनीपिगच्या अंघोळीविषयी मित्रास पत्र

ठाणे,
आषाढ

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. दोन्ही गिनीपिगना दर रविवारी शांपूने न्हाऊ घालण्याचा तुझा बेत मला मुळीच पटलेला नाही. हे प्राणी स्वतःला चाटूनपुसून स्वच्छ ठेवतात. डोळ्यांतून दुधासारखा पांढरा द्राव आलेला दिसला तर घाबरू नकोस, तोच पंजांनी तोंडावर फिरवून ते चेहरा धुतात. वारंवार अंघोळ घातल्यास कातडीवरचे तेल निघून जाते आणि अंग गारठते. शिवाय ते एकमेकांना वासावरून ओळखत असल्यामुळे, शांपूचा वास घेऊन परतलेल्या जोडीदारासमोर दुसरा कधी कधी दात वाजवत नव्याने वर्चस्वाचा वाद मांडतो.

दुर्गंधी बहुधा पिंजऱ्याची असते. दोघांच्या लघवीने अंथरूण भिजते, त्यातून सुटणारा अमोनिया श्वासाला बाधतो, आणि ओलीत सतत उभे राहिल्याने तळपायांना जखमा होतात, ज्या भरून यायला फार काळ लागतो. म्हणून ओला भाग रोज काढ आणि आठवड्यातून एकदा सगळे अंथरूण बदल. तळाशी साचलेला लघवीचा पांढरा थर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघतो. सध्याच्या पावसात आपलेच कपडे वाळत नाहीत, तेव्हा फ्लीसच्या, म्हणजे मऊ लोकरीसारख्या कापडाच्या, अंथरुणाचा एक जोड जास्तीचा ठेवलेला बरा. देवदाराचा भुसा मात्र फुकट मिळाला तरी आणू नकोस; त्याच्या उग्र वासाने त्यांना अपाय होतो.

तुझे दोघेही नर आहेत, म्हणून पुढचे जरा विस्ताराने लिहितो. पाठीच्या कण्याच्या शेवटी, जिथे शेपूट असायला हवी होती तिथे, त्यांना एक तेलग्रंथी असते; वयात आलेल्या नरांत ती अधिक स्रवते आणि तिथले केस चिकट, काळपट होतात. त्यावर थोडे खोबरेल तेल चोळून काही मिनिटे थांबावे, मग सौम्य साबणाने तेवढाच भाग धुऊन लगेच कोरडा करावा. पूर्ण अंघोळ अंग लघवी-विष्ठेने माखले तरच घालावी, कारण अशा जागी माश्या अंडी घालतात आणि त्यातून जिवावर बेतू शकते. तेव्हाही कोमट पाणी दोन बोटे खोल असावे, डोके व कान भिजवू नयेत, पंखा बंद ठेवावा. नंतर एकाच टॉवेलने दोघांना पुसलेस तर वासाचा फरक कमी होईल, असा माझा कयास आहे.

केस गळून खपल्या दिसू लागल्या, किंवा खाजवता खाजवता झटके येऊ लागले, तर तो मळ समजून धूत बसू नकोस. ती खरूज किंवा नायटा असू शकतो, आणि नायटा माणसांनाही लागतो. पशुवैद्याकडे दोघांनाही एकदमच घेऊन जा. एकत्र राहणाऱ्यांपैकी एकालाच औषध दिले तर लागण दुसऱ्याकडून परत येते.

नखे कापण्याचे तू विचारले होतेस, ते प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय जमणार नाही. पुढच्या महिन्यात येईन तेव्हा दाखवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर