घरबांधणीचा वेळ जातो कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या शहरांत घरे कमी पडू लागली की चर्चा बहुधा जमिनीच्या आणि सिमेंट-लोखंडाच्या भावांभोवती फिरते. ते भाव कोणत्याही नगरपालिकेच्या हातात नाहीत. वेळ मात्र बऱ्याच अंशी तिच्या हातात आहे. अर्ज दाखल झाल्यापासून पाया खोदायला सुरुवात होईपर्यंत आणि इमारत पूर्ण झाल्यापासून पाण्याची जोडणी मिळेपर्यंत जो काळ जातो, त्यात एकही वीट रचली जात नाही. तरीही त्या काळाचे व्याज शेवटी घर घेणाऱ्याच्याच माथी बसते. शिवाय छोट्या शहरांत दोन-चार किंवा आठ-दहा घरे बांधणारे लहान व्यावसायिकच अधिक असतात. जमिनीत पैसा अडकवून वर्षभर थांबण्याची त्यांची ऐपत नसते, त्यामुळे परवानगी लांबली की त्यांतले अनेक जण पुढच्या वेळी या फंदात पडतच नाहीत.

परवानगीची एक फाइल कशी फिरते ते पाहावे. नकाशे दाखल होतात आणि काही आठवड्यांनी जिन्याची रुंदी कमी असल्याचे त्रुटीपत्र येते. वास्तुविशारद नकाशा दुरुस्त करून देतो. पुन्हा काही आठवडे जातात आणि दुसरे त्रुटीपत्र येते, की बाजूचे सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि भूखंडाची हद्द यांमध्ये सोडायची मोकळी जागा, अपुरे आहे. ते अंतर पहिल्या नकाशावरही तेवढेच होते. फक्त ते तेव्हा कोणी मोजले नव्हते. त्यानंतर पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि अग्निशमन या विभागांचे अभिप्राय एकापाठोपाठ एक मागवले जातात. प्रत्येक विभागाचे प्रत्यक्ष काम थोडेसेच असते. बाकीचा सगळा काळ फाइल नुसती पडून असते. म्हणून सर्व त्रुटी एकाच पत्रात कळवाव्यात, त्यानंतर नवा आक्षेप केवळ सुरक्षिततेच्या कारणानेच घेता यावा, आणि सर्व विभागांनी आठवड्यातील एका ठरलेल्या दिवशी एकत्र बसून फाइली निकाली काढाव्यात. संबंधित अधिकारी मोजके आणि बहुधा एकाच इमारतीत बसणारे असल्यामुळे हे महानगरापेक्षा छोट्या शहराला कितीतरी सोपे आहे. ऑनलाइन प्रणालीकडून फार अपेक्षा ठेवल्या जातात, पण फाइल फिरण्याचा क्रम जुनाच राहिला तर संगणकावर फक्त प्रलंबित फाइलींचा ढीग डोळ्यांआड होतो.

मुदतीत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानावे, ही तरतूद अनेकांना आकर्षक वाटते. व्यवहारात तिचा उपयोग मर्यादित राहतो, कारण हातात सही-शिक्क्याचा कागद नसेल तर बँक कर्ज देताना कचरते. अमेरिकेतील टेक्सास राज्याने २०२३ मध्ये काढलेली वाट मला अधिक पटते. तेथे नगर प्रशासनाने ठरलेली मुदत ओलांडून आणखी १५ दिवस घेतले, तर अर्जदाराला पात्र अशा त्रयस्थ तज्ज्ञाकडून नकाशांची छाननी करून घेता येते. अशाने छाननी होते, पण ती एकाच टेबलावर अडून राहत नाही.

याहून मूलभूत प्रश्न असा आहे, की जे बांधकाम नियमात बसते त्यावर दर वेळी नव्याने विचारविनिमय कशासाठी? कोणत्या भागात किती मजले असावेत, याविषयीच्या हरकती आणि सूचना विकास आराखडा तयार होताना मनमोकळेपणाने ऐकल्या पाहिजेत. त्या वेळी विरोध करण्याचा शेजाऱ्यांचा हक्क मी पूर्णपणे मान्य करतो. मात्र एकदा आराखडा मंजूर झाल्यावर प्रत्येक इमारतीसाठी तोच वाद पुन्हा उकरला जाऊ नये, आणि अधिकाऱ्याचे काम नियमांशी ताडून पाहण्यापुरतेच राहावे. अमेरिकेतीलच इंडियाना राज्यातील साउथ बेंड हे साधारण एक लाख वस्तीचे शहर याही पुढे गेले आहे. स्वतंत्र घरापासून सहा घरांच्या इमारतीपर्यंतचे नमुना नकाशे तेथील प्रशासनाने आधीच तपासून उपलब्ध करून दिले आहेत. त्यांपैकी एखादा नमुना निवडला की आराखड्याचा खर्च आणि छाननीचा बराचसा काळ वाचतो, आणि तपासायचे उरते ते मुख्यतः त्या भूखंडावर इमारत कशी बसते एवढेच.

नियम स्वतःही तपासून पाहायला हवेत. अमेरिकेतील ह्यूस्टनने १९९८ मध्ये शहराच्या मध्यवर्ती भागात किमान भूखंडाची अट ५,००० चौरस फुटांवरून काही अटींवर १,४०० पर्यंत खाली आणली, आणि जेथे एक जुने घर होते तेथे तीन-तीन, चार-चार घरे उभी राहू लागली. त्याच देशातील बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान वाहनतळाची सक्तीच काढून टाकली. लहान भूखंडावर वाहनतळाची जागा सोडली की घराला जागाच उरत नाही, हे कोणताही वास्तुविशारद कागदावर रेषा मारून दाखवू शकेल. ही शहरे मोठी आहेत हे खरे; पण अरुंद भूखंडाचे गणित सगळीकडे सारखेच असते.

परवानगी कितीही लवकर मिळाली तरी जलवाहिनी आणि सांडपाण्याची मुख्य वाहिनी पोहोचली नसेल तर घर उभे राहून उपयोग नाही. शहराच्या कडेला वेड्यावाकड्या तुकड्यांत विभागलेली, रस्ता नसलेली जमीन हा यातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्यावरचे उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे. जर्मनीतील फ्रँकफर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या पुढाकाराने १९०२ मध्ये जमीन-पुनर्रचनेचा कायदा झाला. सर्व मालकांचे तुकडे एकत्र करायचे, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, आणि प्रत्येकाला आकाराने थोडा लहान, पण नीट आखलेला आणि रस्त्यालगतचा भूखंड परत द्यायचा, अशी ही पद्धत. मुंबई इलाख्यात १९१५ च्या नगररचना कायद्याने हीच वाट धरली, आणि जपाननेही ती मोठ्या प्रमाणावर वापरली. जमीन बळजबरीने ताब्यात घ्यावी लागत नाही, शिवाय वाढलेल्या किमतीतून सुधारणांचा काही खर्च निघतो. मोजणी, सुनावण्या आणि अंतिम भूखंडांचे वाटप यांत वर्षे जातात, म्हणूनच हे काम घरांची टंचाई भासण्याच्या आधी हाती घ्यावे लागते. वाहिन्या कोणत्या दिशेने आणि कोणत्या वर्षी जाणार, हे निधीच्या तरतुदीसह आधीच जाहीर केले तर बांधणारेही आपापले नियोजन त्यानुसार करतील.

वेगाचा आग्रह धरताना पायाची, सळ्यांची आणि आगीपासून बचावाच्या व्यवस्थेची तपासणी सैल करावी असे मी मुळीच सुचवत नाही. उलट कागदावरचा वाचलेला वेळ अभियंत्यांनी जागेवर घालवावा. जोत्याची तपासणी मागितल्यावर ती दोन-तीन दिवसांत होत नसेल, तर मजूर एक तर बसून राहतात किंवा तपासणीविनाच पुढचे काम उरकले जाते, आणि यातले दुसरे अधिक धोक्याचे आहे. भोगवटा प्रमाणपत्राचेही, म्हणजे पूर्ण झालेली इमारत वापरण्याच्या परवानगीचेही, तसेच आहे. अंतिम पाहणीची तारीख अर्ज घेतानाच पोचपावतीवर लिहून द्यावी, आणि प्रत्येक अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस होता याचा तक्ता दरमहा नगरपालिकेच्या फलकावर लावावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरेसा आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक