आई-बाबा, नारळ मिळाले

वाकड, पुणे
आषाढी एकादशी, ६ जुलै २०२५

ती. आई-बाबा,
सा. न.

नारळ मिळाले. मोजून २० निघाले. आधीचे ७ अजून ओट्याखाली आहेत, म्हणजे श्रावणापर्यंत बघायला नको.

फोनवर हे बोलायला गेले की आई, तू मध्येच "बरं ते जाऊ दे, जेवलीस का" म्हणतेस, आणि बाबा फोन तुझ्या हातात देऊन मोकळे होतात. म्हणून लिहिते आहे.

मे महिन्यातली गोष्ट. कामवाल्या मावशी गावाला गेल्या होत्या आणि भांड्यांच्या आमच्या पाळ्या ठरल्या होत्या. एके दिवशी हा रात्री दहाला घरी आला आणि पाळी त्याची असून तसाच झोपला. मी चिडले, तुला फोन लावला, दहा मिनिटं बडबडले आणि राग गेला. सकाळी त्याने चहा केला. मी विसरूनही गेले. तू मात्र विसरली नव्हतीस. दुपारी त्याला ऑफिसात फोन केलास, "जावईबापू, आमच्या बायला एवढ्या कामाची सवय नाही हो." किती गोड आवाजात म्हणाली असशील, ते मला न ऐकताही कळतं.

त्या रात्री हा आला, बाह्या दुमडल्या आणि सगळी भांडी घासली. कुकरची शिटी, गाळणं, चहाचं करपलेलं पातेलं, सगळं तारेच्या घासणीने खरवडून. तोंडातून शब्द नाही. असं चार दिवस. मी पुसायला फडकं घेतलं तर म्हणाला, "राहू दे, तुला सवय नाही."

आई, चूक माझीच आधी. भांडण त्याच्याशी होतं, ते मी चिपळूणला कळवलं. पण मी तुला सांगते ते न्यायनिवाड्यासाठी नव्हे गं. शिंक आल्यासारखं असतं ते, आलं आणि गेलं. तू त्यावर काढा घेऊन धावतेस.

अकोल्याहूनही फोन येतात. वरणात खोबरं कशाला, हा प्रश्न सासूबाईंनी आत्तापर्यंत तीनदा विचारलाय. पण तिकडचं त्याने बघायचं आणि इकडचं मी, असं आमचं ठरलंय. त्यातलं माझं जास्त अवघड. सासरचं बोलणं लागलं तर चारचौघी ऐकून घेतात, हळहळतात. माहेरचं लागलं तर सांगायचं कोणाला?

बाबा, वॉशिंग मशीन छान चाललंय. पण ते आम्ही दिवाळीला घेणार होतो. ह्याने वहीत दर महिन्याला बाजूला टाकायच्या पैशांचा रकाना आखला होता, मार्च आणि एप्रिल भरलेही होते. पुढचा रकाना कोराच राहिला. तुम्ही परस्पर पैसे भरलेत ते मायेनेच, हे त्यालाही कळतं. पुढच्या वेळी आधी विचाराल ना?

स्वयंपाकाचं म्हणाल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार खोबरं, बाकीचे दिवस दाण्याचा कूट, रविवारी जो करेल त्याची मर्जी. आज रविवार आणि वर एकादशी. खिचडीत त्याने वाटीभर कूट घातला, मी वरून ओलं खोबरं पेरलं. हा विळीवर बसून नारळ खोवायला शिकलाय. पहिल्यांदा अंगठ्याचं सालटं काढलं. आता करवंटीपर्यंत खरवडतो, त्यामुळे सगळं खोबरं करडं दिसतं. मी काही बोलत नाही. (हे तू त्याला फोन करून सांगू नकोस.)

आता गणपती. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. आम्ही आदल्या दिवशी कुंभार्ली घाटातून एसटीने येतो. पण या वर्षी गौरींना मी घरी नसेन. त्यांच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि अख्ख्या वर्षातला मोठा सण तोच. ३१ ला त्या बसतात, १ सप्टेंबरला पुरणाचा नैवेद्य आणि सोळा भाज्या. माझी तिथली पहिलीच वेळ. म्हणून २९ ला चिपळूणहून ठाणे, कल्याणहून रात्रीची अमरावती गाडी. ३० जूनला सकाळी ८ च्या ठोक्याला दोघं दोन फोन घेऊन बसलो होतो. अकोल्याची तिकिटं पक्की आहेत, ठाण्याची वेटिंगवर.

हे आम्ही दोघांनी ठरवलंय, त्याने माझ्यावर लादलेलं नाही. सासूबाईंना परस्पर फोन करून "निदान पहिल्या वर्षी तरी" असं काही म्हणू नकोस. तुला वाईट वाटेल, मला ठाऊक आहे. मोदक वळताना आपण दोघी भांडू त्यावर, पण ते स्वयंपाकघरातच राहू दे.

आणि आगळ संपलंय. इथे दुकानात मिळतं ते नुसतं मीठपाणी. दोन बाटल्या बांधून ठेव, येईन तेव्हा नेते. सोलकढी त्यालाही आवडायला लागली आहे, फक्त वाटी पुढे करताना अजून नाक मुरडतो.

तुमची,
बाय